अपराध पोटात घाला

झिलिनाच्या स्टेशनामागे, टायरवाल्याच्या शेजारी
एक दार आहे.
त्यावरची पाटी आमच्या गावात वाचतात
फक्त मोटार-कारखान्यातले साहेब
आणि मी. बोट ठेवून, अडखळत,
पहिलीतल्या पोरासारखी.
बप म्हणजे भात. चिप म्हणजे घर.
भातघर? असेल बाई, म्हणाली द्राहोमीरा,
दार तर लाव मागचं, थंडी येतेय.

सहा वर्षं आम्ही नुसतं पाहत आलोय.
ती पोस्टात, मी इस्पितळात,
रात्रपाळी नसेल त्या शुक्रवारी
तिचा सोफा, दोघींच्या पायांवर एकच शाल,
बशीत खारे शेंगदाणे,
आणि पडद्यावर कुणीतरी प्रेमभंग झालेलं
पातेल्याच्या झाकणातच नूडल्स घेऊन
फुंकर मारत खातंय, रडतंय, खातंय.
वाफ दिसायची.
वास यायचा नाही.
वासाला कुठली आलीत सबटायटल्स!

आत तीन इंजिनिअर, निळी जॅकेटं,
माना वाडग्यांत.
जेवत नव्हते ते,
त्या वाडग्यांना धरून बसले होते.

आम्ही एकच रस्सा मागवला, दोघींत मिळून.
पगाराला नऊ दिवस होते.
आणि ती बाई वाट्या मांडत सुटली.
मोड आलेलं सोयाबीन. तिळातला पालक.
नखाएवढी सुकी मासळी, डोळ्यांसकट.
मुळा. काहीतरी काळं, समुद्रातलं.
अंड्याची गुंडाळी.
आणि मधोमध ती, लालबुंद, जिच्यासाठी आलो होतो.
सात.
द्राहोमीराचं पाकीट टेबलाखाली उघडलं,
नाण्यांचा आवाज मी ओळखते तिच्या.
मालिकेत बिल देताना कुणी दिसतच नाही कधी.

हे आम्ही मागवलेलं नाही,
एवढं साधं वाक्य मला येत नव्हतं.
मला येत होती ती राजवाड्यातली भाषा,
गवताच्या चटईवर गुडघे टेकलेल्या दासीची.
तेच उठलं ओठांवर.
मी मान झुकवून, हात जोडून म्हणाले,
महाराणी, अपराध घडला,
पोटात घालावा.

एक चमचा पडला कुठेतरी.
तिन्ही माना वर आल्या.
बाई आधी पाहत राहिली माझ्याकडे,
मग ट्रे छातीशी धरून
अशी हसली, अशी हसली
की भिंतीला टेकावं लागलं तिला.
इंजिनिअरांतला एक, सगळ्यात थोराड,
उभा राहिला आणि मला मुजरा केला.
माझे कान त्या कोबीच्या रंगाचे.

मग तिने आमच्या भाषेत सांगितलं,
शब्दांच्या शेपट्या तोडून तोडून:
वाटी, पैसा नाही. वाटी, अशीच. संपली, आणखी.
द्राहोमीराने पाकीट मिटलं
आणि सरळ मासळीवर हात टाकला.

धातूच्या काड्या निसटत होत्या.
तिखटाने नाक वाहायला लागलं
आणि त्याच्या मागून हळूच आली
एक आंबट, ओळखीची चव.
मी थांबले. ही कोबी तर
आमच्याच बाजारातली, गोल, घट्ट,
पिंपात मीठ घालून आम्ही दाबतो ती.
बाईने हातांनी लांबुळका आकार दाखवला:
अशी, तिकडे. इथे पहिला हिवाळा, अशी नाही.
मग गोल आकार दाखवला. खांदे उडवले.
ओक-बुन तिचं नाव. ते नंतर कळलं,
तिसऱ्या खेपेला.

बसमध्ये लोक आमच्यापासून दूर सरकून बसले,
दोघींना एक अख्खी बाकडी मिळाली.

सकाळी सात नंबरच्या खाटेवर
म्हातारा ख्रिश्का नाक वर करून म्हणाला,
सिस्टर, लसूण?
लसूण, मी म्हणाले, आणि बरंच काही.
त्याचं जेवण महिनाभर आळणी आहे.
त्याची नाडी धरून मी सांगत गेले,
सोयाबीन, पालक, मासळी डोळ्यांसकट.
मोजणी चुकली, पुन्हा धरली.
तो डोळे मिटून होता.
बरं, म्हणाला,
चौथ्या वाटीत काय?