मधली जागा

युकॉन नदीच्या काठी, साप्ताहिकाच्या पत्र्याच्या खोलीत
रोवीना डेमोस्की माझी बातमी वाचते.
दातांत पेन्सिल, बुटांवर मागच्या आठवड्याचा चिखल.
मी लिहिलंय, गुरुवारपर्यंत नदी ‘ब्रेकअप’ करणार.
ती शब्दाच्या सांध्यावर एक उभी रेघ ओढते,
साल्मनचं पोट चिरावं तशी, न बघता.

“क्रियापद आहे ना? मग मधे जागा सोड.
ब्रेक. मग रिकामं. मग अप.
नाम असेल तर जोडून टाक.
आमच्याकडे ब्रेकअप हा ऋतू आहे,
हिवाळा आणि डास यांच्या मधला.”

म्हणजे मोडत असतं तोवर शब्द सुटे,
आणि मोडून झालं की एकजीव?
उलटं नाही का हे?

“मी नाही केला नियम.
इंग्रजी आमच्या घरात वडिलांच्या वेळी आली,
शाळेच्या छडीबरोबर.
तेव्हा कुणी विचारायचं नाही, उलटं का.”

पुढचा कागद छोट्या जाहिरातींचा.
विकणे आहे: मासे धरायचं लाकडी चाक,
अर्धी मालकी. संपर्क, क्लाइड.
उरलेली अर्धी कुणाची, ते गावाला ठाऊक आहे.
ती त्यात एक स्वल्पविराम घालते
आणि पेन्सिलीला टोक काढत बसते,
टोक असताना.

दोन वाजून सतरा मिनिटांनी तो आवाज आला.
स्फोट नाही. कुणीतरी फार मोठं
झोपेत कूस बदलावी, तसा.
दुकानदार हॅल्वर एप्रनसकट धावला,
पोरं, कुत्री, पैज लावलेले सगळे;
बर्फावरचं पिवळं पिंप हललं, तार ताणली, तुटली,
काठावरचं घड्याळ थांबलं.
पैज कुणी जिंकली, मला अजून आठवत नाही.
काळं पाणी आठवतं, दोन लाद्यांच्या मधे,
हातभर, मग होडीभर, मग
मोजणं सोडून दिलं.

रोवीना बाहेर आलीच नाही.

परत येऊन मी वाक्य नव्यानं टाइप केलं:
ब्रेक,
अंगठ्याचा एक ठोका,
अप.
तिनं मान वर न करता विचारलं,
“सोडलीस?”
हो म्हटलं.
“किती?”
एकच, म्हटलं. नियमात एकच आहे.