आठवी कुंडी

पिरेयस, चौथा मजला. सहाला टायमर टक् म्हणाला,
पाणी सातव्या कुंडीपर्यंत आलं
आणि थांबलं.
आठवीतलं बेसिल मान टाकून.

स्त्रातिसनं एकतीस वर्षं जहाजांची इंजिनं राखली;
ही तर करंगळीएवढी नळी.
खुर्ची ओढून बसला.
ड्रिपर उपसला, व्हिनेगरमध्ये बुडवला,
टाचणीनं क्षार कोरला, फुंकून पाहिला.
गाळणी धुतली. पंपाला कान लावला: ठोके ठीक.
टायमर हातानं पुन्हा चालू, पुन्हा.
नाहीच.

“पेलाभर ओत की वरून!” आतून अँथूला.
तो गप्प. पेला म्हणजे हार.

दहाला पाठ भरून आली, कॉफीसाठी उठला.
मागे
टप्.

खुर्चीच्या पायाखाली चेपलेली नळी
सावकाश गोल होत होती.

कॉफी त्यानं उभ्यानंच प्यायली.
अँथूलाला म्हणाला, क्षार होता.