कशासाठी

पूलच्या दारात एक रजिस्टर असतं.
लांब वही, सुतळीला बांधलेला पेन,
रकाने चार: नाव, वेळ, सही, कशासाठी.
दोन वर्षं मी शेवटच्या रकान्यात लिहीत आले
शिकण्यासाठी.
माझ्या खालच्या ओळीत एक दहावीचा पोरगा लिहायचा
टाइमपास.
पाण्यात आमचा वेग साधारण सारखाच.

मी एक्कावन्नाची. महावितरणच्या बिलिंगला अठ्ठावीस वर्षं,
मीटर कुणाचाही चुको, ऐकून मी घेते.
पाण्यात तोंड बुडवायलाच मला पाच महिने लागले.
टेंभुर्णे काठाकाठानं बांबू घेऊन चालायचे,
माझ्यापुढे हातभर, कायम हातभर.
"पकडू नका मॅडम, नुसतं पाहा त्याच्याकडे.
हाय तो. पळून नाही जाऊन रायला."

सायकल भाच्याची, तो पुण्याला गेल्यावर बाल्कनीत गंजलेली.
मोमिनपुऱ्यात इस्माईलभाईंनी चेन बदलली,
एकदा सीटकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे,
आणि न विचारता सीट दोन बोटं खाली केली.
काटोल रोडनं आधी गोरेवाडा, मग फेटरी,
मग एका रविवारी थेट कळमेश्वर,
विटांच्या ट्रॅक्टरमागून, दातांत लाल कचकच घेऊन.

धावणं सेमिनरी हिल्सच्या चढावर.
मे महिन्यात पहाटे साडेचारला,
कारण सातनंतर रस्ताच अंगावर येतो.
त्याला मी धावणं म्हणत होते.
मॉर्निंग वॉकवाले मला मागे टाकून जायचे,
वर "गुड मॉर्निंग" म्हणायचे.

कॅन्टीनमध्ये वसुधा काळबांडेनं विचारलंच,
"मग तू आता ते ट्रायथलीट का?"
छे गं, म्हटलं.
वरण मंगळवारी, भात गुरुवारी, भाजी रविवारी,
याला कुणी जेवण म्हणतं का?

मग डिसेंबरात वाढलं एकदाचं ताट.
थंडी अशी, की पाणीच त्यातल्या त्यात ऊबदार वाटलं.
साडेसातशे मीटर. बांबू नव्हता,
तरी मी हातभर पुढे पाहत राहिले.

लोक या तीन खेळांबद्दल बोलतात.
मधल्या जागेबद्दल कुणी सांगत नाही:
चटईवर उभी असलेली ओली बाई,
पोट, मांड्या, पिकलेले केस, सगळं उजेडात,
समोर दीडशे माणसं, त्यात बिलिंगचे दोघं,
आणि ओल्या पायावर चढत नसलेला मोजा.
टाचेपाशी अडकला. ओढला. पीळ पडला.
तेवढ्यात मला वाटलं, बसावं इथंच,
टॉवेल गुंडाळावा, कुणीतरी रिक्षा आणेल.
मोजा वाकडाच राहिला.
तसाच बूट घातला.
वीस किलोमीटर तो पीळ करंगळीखाली होता,
नंतरचे पाचही त्याच्यावरच.

मी पोचले तेव्हा कमानीतली हवा काढत होते.
निळं रबर हळूहळू गुडघ्यावर येत होतं,
मी त्याच्या बाजूनं गेले, खालून जाता आलं नाही.
दोन तासांची मुदत, मला लागले दोन तास अकरा मिनिटं.
टेबलावरचा मुलगा भला होता.
"काकू, सर्टिफिकेट नाही मिळणार, पण केळी आहेत."
मी दोन घेतली.

घरी बूट काढला. करंगळीवर फोड,
मोज्याचा शिवण जशीच्या तशी उमटलेली.
बराच वेळ तिच्याकडे पाहत बसले.
औषध लावायचं राहूनच गेलं.

मंगळवारी पुन्हा पूल.
टेंभुर्णे म्हणाले, "झालं न मॅडम? आता कायले येऊन रायल्या?"
रजिस्टर उघडलं.
नाव, वेळ, सही.
चौथ्या रकान्यापाशी हात थांबला.
तो लांबलचक शब्द तिथं मावलाही नसता,
आणि त्यातला थ मला नीट काढता येत नाही.
पेनची शाई सुकलेली. समासात दोनदा गिरवलं, उमटली.
लिहिलं:
सराव.

खालच्या ओळीत पोरानं माझं बघून
टाइमपास खोडलं,
आणि पेन तोंडात धरून
विचार करत उभा राहिला.