बारा अंश

बोरा वारा सुटला की त्रिएस्तमध्ये
चढणीच्या गल्ल्यांतून दोर बांधत.
दोर धरून माणसं चालायची,
छाती पुढे, टाचा मागे,
एक हात टोपीवर.
छापखान्याच्या खिडकीतून नेरेओ वास्कोत्तो बघायचा
आणि खिशातून कोनमापक काढायचा.
कोळसेवाला नऊ अंश. पोस्टमन अकरा.
पाव काखेत मारून धावत येणारी लिचा, बारा.

बाराच ठेवले त्याने.

आपली अक्षरं दोरीला लोंबतात,
वाळत घातल्यासारखी.
त्याच्या अक्षरांना वर धरायला काही नव्हतं,
म्हणून त्याने ती जाड केली.
पायांची नखं, टोकं, सगळं छाटून टाकलं.
वाऱ्यात चालणाऱ्याने पैंजण कशाला घालायचे?

लोकांना वाटतं, सरळ अक्षर ढकललं की तिरकं होतं.
ढकलून बघा.
ओची पाठ सुजते, एसचा मणका मोडतो.
चौदा महिने नेरेओ नुसती चरबी हलवत होता,
इथली केसभर काढून तिथे,
आणि दोन जाड रेघा भेटतात त्या काखेत
बारीक खाच ठेवत होता,
शाई साचून गळा बसू नये म्हणून.

मग अक्षरं कामाला लागली.
कॉफीच्या पोत्यांवर, सामान हलवणाऱ्या ट्रकवर,
बुटांच्या दुकानात ‘फक्त आजच’ (तीन वर्षं).
अँब्युलन्सच्या कपाळावर उलटी रंगवली तेव्हा
‘ही तर मागे पळतेय,’ लिचा म्हणाली.
‘आरशात बघ.’
गोदी कामगारांच्या संपाच्या पत्रकावर तीच,
त्याच आठवड्यात मालकांच्या उत्तरावरही तीच.
खिळ्याला पक्ष नसतो.
परिच्छेदभर मात्र वाचवत नाही,
तिसऱ्या ओळीला धाप लागते.
एका वकिलाने साधी नोटीस छापून घेतली,
भाडेकरूला ती शिवी वाटली.

फेब्रुवारीत लिचा गेली.
तिथे गेलेल्यांची नावं भिंतीवर चिकटवतात,
काळ्या चौकटीत, ताठ, नखं असलेल्या अक्षरांत.
दुइलिओ जुळाऱ्याने तशीच जुळवली.
नेरेओने ओला छाप उजेडाकडे धरला.
‘ही कोण?’
नाव बरोबर होतं. तारीख बरोबर होती.
‘उभी आहे,’ तो म्हणाला,
‘ती कधी उभी राहिली होती?’

पाच खिळे उपसले, पाच बसवले.
एलच्या पुढे दात पडल्यासारखी फट दिसली,
कानशीने कड घासून ती बुजवली.
पाद्र्याने भुवई उचलली.
भाचा म्हणाला, सेल लागल्यासारखं दिसतंय.

संध्याकाळी वारा सुटला.
भिंतीवरचे कागद फडफडले, एकदोन सुटलेसुद्धा.
नेरेओ समोरच्या फुटपाथवर, दोर धरून.
चष्मा घरी राहिला होता.
वाचता येत होतं.