हिंदबा

बर्काच्या मागे, समुद्रापासून सहा किलोमीटरवर,
विहिरीचं पाणी दरसाल थोडं अधिक खारट होतं.
मी ते रोज सकाळी सहाला यंत्रावर मोजते.
आज सात पूर्णांक दोन.
खल्फानचा बाप हेच जिभेवर मोजायचा,
आणि म्हणे फारसा चुकायचा नाही.

चार वाफे, चार प्रकारचं पाणी.
पाटीवर वर लॅटिन नाव, खाली अरबी : हिंदबा.
पहिल्या दिवशी मी ते मोठ्यानं वाचलं आणि हसले.
म्हसोबा, बिरोबा, जोतिबा,
आणि आता हा हिंदबा,
शेंदराविना वाळूत गळ्यापर्यंत पुरलेला,
शेळ्यांचे नवस ऐकणारा.
खल्फानला समजावताना माझी अरबी संपली.
त्यानं मान हलवली : असेलही.

तोवर चिकोरी म्हणजे
कॉफीच्या पुडीवरची बारीक अक्षरं.
भुसावळला मामाच्या दुकानात गिऱ्हाईक विचारायचं,
भेसळ आहे का हो?
मामा दुखावून म्हणायचा, भेसळ नाही, चिकोरी आहे.
तिला पानं असतात, निळं फूल येतं,
ते इथं सहाच्या आत उमलून नऊला मिटतं,
हे मामाला ठाऊक नव्हतं.

पाहुणे आले की डॉक्टर नस्रा त्यांना आलेख दाखवतात.
लेंड्या मी चाळते.
मिठाच्या दाट पाण्यात घोटून काचेवर घेते
आणि जंतांची अंडी मोजते,
तांदळातले खडे निवडावेत तशी.
बारा शेळ्या हिंदबा खातात, बारा साधं गवत.
आठव्या आठवड्यात हिंदबावाल्यांची अंडी निम्म्यावर आली,
सतरा नंबर सोडून.
सतरा नंबरचं काय करायचं
यावर दोन बैठका झाल्या.
ती तेवढ्या वेळात
दावणीचा दोर खाऊन मोकळी.

काल मुळं काढली.
चर मोफिजुलनं खणला.
तो सिल्हेटचा; सांगतो, आमच्याकडे हातभर खणलं की पाणी.
इथं तो कमरेइतका उतरला, मग छातीइतका,
आणि मी ब्रशनं वाळू झाडत राहिले,
बाळाच्या टाळूवरून हात फिरवावा इतकी हळू.

मूळ सरळ आलेलं. चाळीस. पन्नास.
त्रेसष्टवर मिठाचा पांढरा थर,
आणि तिथं ते काटकोनात वळलेलं.
मोफिजुल वाकून बघत राहिला.
म्हणाला, आमच्या खोलीत जमाल असाच येतो,
रात्रपाळीहून,
झोपलेल्यांचे पाय चुकवत, भिंतीभिंतीनं,
आपल्या पथारीपर्यंत.
बावीस सेंटिमीटर आडवं गेलं होतं,
मग थराला एक चीर सापडली
आणि तिच्यातून
दोऱ्याएवढं होऊन खाली.

माझ्या वहीत रकाना एकच : खोली.
मोफिजुलच्या खोलीत अकराजण राहतात.
मी त्रेसष्ट लिहिलं.
आडवे बावीस कुठं लिहू, हे विचारायला गेले
तर डॉक्टर नस्रा फोनवर होत्या;
त्यांनी बोटानंच शेऱ्याची जागा दाखवली.
मी घाईत मराठीतच लिहिलं : वळलं.
संध्याकाळी त्यांनी ते अक्षर गिरवून पाहिलं,
अर्थ विचारला,
आणि खोडलं नाही.

नमुना भट्टीत गेला, सत्तर अंशांवर, दोन दिवस.
वजन झालं, दळून झालं, पाकिटावर क्रमांक पडला.
उरलेलं चिमूटभर
खल्फाननं तव्यावर काळं होईतो भाजलं,
वेलची घातली, तीन फिंजाल भरले.
मला तो अजून मुहंदिसा म्हणतो, मी इंजिनिअर नाही तरी.
कडू होतं. मामाच्या पुडीहून फार कडू.
मोफिजुलनं साखर मागितली.
खल्फान घोट जिभेवर धरून बसला,
डोळे मिटून, बराच वेळ,
आणि मग त्यानं एक आकडा सांगितला.

तो मी कुठं लिहिला नाही.