पानओवा

गुलटेकडीच्या भुसार बाजारात
बावीस वर्षं माझं नाक नोकरीला होतं.
परखी पोत्यात खुपसायची, जिरं तळहातावर घ्यायचं,
चोळायचं आणि सांगायचं:
हे उंझ्याचं, हे मारवाडचं,
ह्यात मागच्या सालचं मिसळलंय शेठ, दर पाडून मागा.

मग एक ताप आला
आणि जाताना नाक घेऊन गेला.

आता मी काट्यावर बसतो. पावत्या फाडतो.
रज्जाक तांबोळी, आमचा हमाल, बोलला काही नाही,
दुसऱ्या दिवशी डब्याच्या वरच्या कप्प्यात
ओल्या फडक्यात गुंडाळून एक फांदी घेऊन आला.
"पानओवा. मोडून खोचला की लागतो.
रोज सकाळी एक पान चोळ.
नाक कधीतरी लाजेल."

बिबवेवाडीत, तिसऱ्या मजल्यावर, रंगाच्या रिकाम्या डब्यात
तो लागला. लागला कसला, माजला.
पान म्हणजे वासराचा कान:
जाड, लवदार, कडेला कातरलेलं,
मोडताना कट्ट वाजणारं.
मी नाकाशी धरायचो.
पाणी.
नुसतं हिरवं पाणी.

इंदूनं मात्र त्याला कामाला लावलं.
निनादला खोकला झाला की पान तव्यावर शेकायची,
चमचाभर मधात पिळायची.
माझ्या पोटात गुबारा धरला की
मिठाच्या खड्याबरोबर चावायला द्यायची.
तळमजल्याच्या गुजर वहिनी तर
विचारल्याशिवायच खुडून न्यायच्या, दह्यातल्या चटणीला.
आणि रविवारी भजी.
अख्खं पान डाळीच्या पिठात बुडवून
देठाला धरून तेलात सोडलेलं.
तळण कानाला कळायचं, कुरकुर दाताला,
तिखट जिभेला,
आणि मधली एक खोली बंद.

"आला?"
ती विचारायची, हातात झारा तसाच.
दर रविवारी.
सातव्या का आठव्या रविवारी मी म्हणालो, "आला."
ती इतकी हसली
की पुढची चार भजी करपली,
आणि तेही मला
तिच्या धावपळीवरून कळलं.

काल अप्परच्या बसमध्ये उभा होतो.
शर्टाच्या खिशात सकाळचं पान, विसरलेलं.
कंडक्टर गर्दीतून घुसला,
त्याचं कोपर माझ्या छातीवर बसलं
आणि वास आला.

पूर्ण नाही. एका कडेनं.
दार किलकिलं करून कुणी बघावं तसा.
ओवा. थोडा कापूर.
मागे कुठेतरी कच्चं लिंबू.

मी मोबाईल काढला, लावला.
"काय हो?" ती म्हणाली.

आता काय सांगणार.
"काही नाही," म्हटलं, "पीठ भिजवून ठेव."
"आज बुधवार आहे."
"असू दे."