झिरो

अप्पाच्या पाठीमागं दहा हजार लिटर पाणी असतं
आणि हातात रुपेरी डबा,
त्यावर लिहिलंय : झिरो.

साखर निघाली त्या वर्षी डॉक्टरांनी गोड तोडलं.
अप्पानं मनावर घेतलं :
चहा फिका, लग्नातली जिलेबी किन्नरला,
लाल बाटली सुटली आणि हा डबा लागला.
"काईच न्हाई त्याच्यात," म्हणायचा,
"पिलं काय, न पिलं काय."
दिवसाला चार. वैशाखात सहा.
उदगीर ते हाळी, हाळी ते वाढवणा,
खेपेला एक,
डिझेलच्या वहीत न लिहिलेला हिशेब.

"मग पाणी का पीत नाहीस?"
त्यानं बाजूच्या आरशात बघितलं, टाकीकडं.
"भरतो कुठून, ते मला ठाव हाय की."

मी लातूरला, दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर.
लोकांच्या छातीला गार जेल लावते, तारा जोडते,
त्यांचं आतलं चालणं
गुलाबी चौकटींच्या कागदावर उतरवून घेते.
परवा मंगळवारी एकविसाव्या नंबरला
शर्टाची बटणं काढत आत आला, अप्पा.
घरी सांगितलं होतं, टायर आणायला चाललोय.

"घाबरूलालीस का म्हून? लाव की."

लावल्या.
पट्टी सरकत बाहेर आली :
दोन ठोके जवळजवळ, एक लांब,
मग तीन घाईघाईनं, मग वाट बघायला लावणारी जागा.
आमच्या गल्लीत नळाला पाणी सुटतं ना, तसं.
कधी आठव्या दिवशी, कधी अकराव्या,
कधी रात्री दोनला,
आणि ओट्यावर सगळ्या घागरी तोंड वर करून बसलेल्या.

कोटलवार मॅडमनी पट्टी उजेडात धरली.
"डब्यानंच झालं, असं छातीठोक कुणी सांगणार नाही.
जास्त पिणाऱ्यांत हे जास्त दिसतं, एवढंच म्हणतात.
दिसणं वेगळं, ठरणं वेगळं.
तुमची साखर आहे, वय आहे, रात्रीच्या खेपा आहेत.
गोळ्या देते. डबे बंद करून बघा.
पाणी प्या."

अप्पा हसला.
छातीला अजून जेल चिकटलेलं,
ते शर्टानंच पुसत हसला.

रविवारी मी केबिनमध्ये शेजारी बसले.
सीटमागं रिकामे डबे, वळणावळणाला खुळखुळत.
तांड्यावर टँकर वळला तेव्हा
पाईप, टिपं, पोरं, शिव्या, सगळं एकदम धावत आलं.
अप्पा व्हॉल्व्हपाशी उभा, घाम गळतोय,
हात सवयीनं डब्यासाठी केबिनच्या दाराकडं गेला
आणि तिथं मी.

सक्रीबाईनं बघितलं. काही विचारलं नाही.
आतून लोटा आणला.
"घ्या भाऊ. तुमचंच हाय. कालचं."
रात्री तुरटी फिरवलेलं,
सकाळी लुगड्याच्या फडक्यानं गाळून उकळलेलं,
माठाच्या तळाशी दुपारभर निवलेलं.

अकरा वर्षं हे पाणी त्यानं वाहिलं,
खड्डा आला की पाठीमागं ते डचमळायचं
आणि गाडी अर्धा हात पुढं ढकलायचं.
कधी ओठाला लावलं नव्हतं.
वरून धार धरली. गळ्याची घाटी
सहा वेळा वर-खाली झाली. मी मोजली, सवयच ती.

"कसंय?"
"जरा खारट."
तोंड पुसलं. पाईपकडं बघत राहिला.
"गार हाय पण."

आता केबिनबाहेर निळा कॅन टांगलाय,
ओल्या पोत्यात गुंडाळलेला,
सक्रीबाईच्या माठातून भरून घेतो,
बदल्यात तिच्या टिपात दोन घागरी जास्त.
गोळी चालू आहे. पट्टी अजून सरळ नाही.

सीटखाली एक डबा आहे, न फोडलेला,
उन्हानं फुगलेला.
काल हाताला लागला.
"पाव्हण्यासाठी ठेवलाय," अप्पा म्हणाला
रस्त्यावरची नजर न काढता.

मी तो होता तिथंच सरकवला.
पुढं खड्डा होता.
पाणी हललं.